एका घरातली पाच घड्याळे

झोपेची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांचे मी मनाशी तीन गट केले आहेत. पहिला गट स्वतःहून येणाऱ्यांचा. यात बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष असतात. "डॉक्टर, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, एखादी गोळी द्या," ही त्यांची ठरलेली मागणी. दुसरा गट ओढून आणलेल्यांचा. यात दहावी-बारावीची मुले असतात (आई घेऊन येते, तक्रार : सकाळी उठतच नाही) आणि घोरणारे नवरे असतात (बायको घेऊन येते, तक्रार : आवाज शेजारी जातो). तिसरा गट कधीच न येणाऱ्यांचा. या गटातली बाई सासऱ्यांचा रक्तदाब दाखवायला किंवा मुलाचा खोकला दाखवायला आलेली असते. चिठ्ठी हातात घेऊन दाराशी पोचल्यावर वळून म्हणते, "हल्ली सारखं थकल्यासारखं होतं हो, मलाही एखादं टॉनिक लिहून देता का?" आणि "रात्री झोप किती होते?" असे विचारले की आधी हसते.

आजचा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. पण तिच्यापर्यंत पोचण्याआधी घरातल्या बाकीच्यांची झोप पाहावी लागेल, कारण तिची झोप त्यांच्या झोपेला बांधलेली असते.

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे म्हण आहे. झोप आली की माणूस दगडावरही झोपतो, तेव्हा तिचे एवढे कौतुक कशाला, असा तिचा रोख. जोडीला लवकर उठणाऱ्याचे गोडवे लहानपणापासून कानावर पडलेले असतात. त्यामुळे घरात एकच वेळ सगळ्यांना लागू असावी, जो त्या वेळेला उठत नाही तो आळशी आणि जो झोपत नाही तो चिंतातुर, अशी सोपी वर्गवारी आपण करून टाकतो. शरीराला ही वर्गवारी मान्य नाही.

झोप दोन गोष्टींनी येते. एक म्हणजे साठत गेलेला थकवा. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो. (चहा-कॉफीतले कॅफिन या ॲडिनोसिनची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. सायंकाळी सहाला घेतलेल्या चहातले जवळजवळ निम्मे कॅफिन रात्री अकराला अंगात शिल्लक असते, हे लक्षात ठेवावे.) दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडू लागते, पहाटेकडे ते ओसरते. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते ते उलगडून दाखवल्याबद्दल २०१७ साली जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ जन्मभर एका जागी राहत नाही. वयाप्रमाणे ते पुढे-मागे सरकते आणि बाई-पुरुषांत थोडे वेगळे चालते. त्यात शिस्तीचा भाग थोडा आणि शरीराचा भाग मोठा.

पहिले घड्याळ तान्ह्या बाळाचे. म्हणजे खरे तर घड्याळ नाहीच. नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याला तीन-चार महिन्यांनी कळू लागतो. त्याची निम्मी झोप स्वप्नांच्या झोपेसारखी, हालचालीची असते. झोपेत बाळ हसले की सटवाई हसवते असे घरातल्या आजी म्हणतात, ते याच झोपेत. तेवढ्यावरून बाळ जागे झाले समजून लगेच उचलू नये. बाळाला पाठीवर झोपवावे. पालथे झोपवू नये, आणि तोंडाजवळ मोहरीची उशी, गोधड्यांचा ढीग असे काही ठेवू नये. पुढे तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि शाळकरी मुलाला ९ ते ११ तास झोप लागते. हे आकडे अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली तज्ज्ञ बसवून ठरवलेले आहेत. आपल्याकडे सात वर्षांचे पोर रात्री अकरापर्यंत आजी-आजोबांबरोबर मालिका पाहते आणि सकाळी शाळेच्या रिक्षात पेंगते, याला मात्र कोणतेही घड्याळ जबाबदार नाही, आपण आहोत. या वयाचे मूल वेळेवर झोपवले तर सकाळी आपोआप लवकर उठते.

दुसरे घड्याळ वयात येणाऱ्या मुलांचे. इथे घरोघरी महाभारत चालते. बारा-तेरा वर्षांपासून मेलॅटोनिनची वेळ हळूहळू पुढे सरकते. ज्या मुलाला नवाला झोप येई त्याला अकरा वाजले तरी येत नाही, आणि झोपेची गरज मात्र ८ ते १० तासांचीच राहते. उशिरा झोपण्याची ही ओढ वाढत वाढत विशीच्या आसपास शिगेला पोचते. युरोपातल्या मोठ्या पाहणीत मुलींच्या बाबतीत हे वय साधारण साडेएकोणीस आणि मुलांच्या बाबतीत एकवीसच्या जवळ निघाले. तेथून पुढे घड्याळ पुन्हा मागे येऊ लागते. तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा सहाला उठत नाही याचा अर्थ तो वाया गेला असा होत नाही. त्याच्या शरीराच्या हिशेबाने तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. उशाशी मोबाईल असेल तर वाजलेले असतात तीन! मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. पालकांनी स्वतःचाही तिथेच लावावा हे सांगितले की बरेच जण घड्याळाकडे पाहतात.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. हेतू चांगला होता, लहान मुलांची झोप होत नाही ही ओरड खरी होती. पण माझे स्पष्ट मत आहे की घड्याळाच्या दृष्टीने ही सवलत आधी आठवी ते बारावीच्या मुलांना हवी होती. लहान मुलाला रात्री लवकर झोपवता येते, पंधरा वर्षांच्या मुलाला ठरवूनही झोप येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदाही केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. आपल्याकडे दोन पाळ्यांच्या शाळा, अपुऱ्या इमारती आणि सहाचे क्लास यांचा मेळ बसवणे सोपे नाही, हे मान्य. निदान पहाटेचा क्लास ही प्रतिष्ठेची गोष्ट समजणे तरी थांबवता येईल. पाठ केलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. रात्री दोनपर्यंत वाचून सहाला क्लासला जाणारा मुलगा वाचलेल्यातले बरेचसे वाटेत सांडून जातो.

याच वयाची एक गोष्ट मला खटकते. रविवारी मुलाला नऊपर्यंत झोपू देतात. "आठवडाभर दमतो हो बिचारा." त्याच घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र सातला उठवून केर काढायला लावतात, कारण तिला पुढे दुसऱ्या घरी जायचे आहे. घड्याळ दोघांचेही पुढे सरकलेले आहे. मेलॅटोनिनला पुढचे सासर ठाऊक नसते.

आता तिसरे घड्याळ, आजोबांचे. साठीनंतर घड्याळ मागे सरकते. रात्री आठलाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे तीन-साडेतीनला सताड उघडतात. झोप हलकी होते, मध्ये दोन-तीनदा जाग येते. गाढ झोपेचे प्रमाण तर पुरुषांत चाळिशीच्या आधीपासूनच घटू लागते. पासष्टीनंतर ७ ते ८ तास झोप हवी असे शास्त्र सांगते, म्हणजे गरज फारशी कमी होत नाही, ती सलग घेण्याची ताकद कमी होते. "झोपच लागत नाही" म्हणणाऱ्या आजोबांना मी हिशेब विचारतो. आठला आडवे झाले, तीनला उठले. दुपारी जेवण झाल्यावर दीड तास. सायंकाळी टीव्हीसमोर खुर्चीत अर्धा तास, पण ती ते झोप धरत नाहीत. एकूण नऊ तास भरतात. गोळी कशासाठी द्यायची?

त्यांना मी सांगतो की रात्री दहाच्या आत अंथरुणाला पाठ लावू नका. सायंकाळी उन्हाचा शेवटचा पट्टा अंगावर घेत देवळापर्यंत चालत जा. या वयात सायंकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलायला मदत करतो. दुपारी वामकुक्षी जरूर करा, पण शब्दाच्या अर्थाला जागून, म्हणजे डाव्या कुशीवर थोडे लवंडणे, वीस-पंचवीस मिनिटे. रात्री लघवीला चार वेळा उठावे लागत असेल तर तक्रार झोपेची नसून प्रोस्टेटची, साखरेची किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सायंकाळी घेतल्याची असू शकते. अशी गोळी सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारावे.

गोळीबद्दल थोडे कडक लिहितो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद वहीत ठेवावी लागते. तरी शेजारच्या काकांना मानवली म्हणून अर्धी-अर्धी वाटून घेण्याचा रिवाज आहेच. म्हाताऱ्या माणसाने ही गोळी घेतली की मध्यरात्री बाथरूमला जाताना झोक जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि तिथून पुढची कथा आपण प्रत्येक गल्लीत पाहिली आहे. विसरभोळेपणा वाढतो तो वेगळाच. मात्र वर्षानुवर्षे घेत असलेली गोळी हा लेख वाचून एकदम बंद करू नका. झोप पार उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याआठवड्याने उतरवावी लागते.

चौथे घड्याळ कर्त्या पुरुषाचे. पन्नाशीपर्यंत पुरुषांचा कल बायकांपेक्षा जरा उशिरा झोपण्याकडे असतो, त्यात भर पडते ती दुकानाचा हिशेब, मित्रांचा कट्टा किंवा क्रिकेट यांची. नवराबायकोची खोली म्हणजे बारीकसारीक वादांचे घरच. त्याला पंखा पाचावर हवा असतो, ती पावसाळ्यातसुद्धा चादर ओढते. यात कोणी नाटक करत नाही. बायकांचे हातपाय सरासरीने पुरुषांपेक्षा गार असतात. शिवाय महिन्याच्या उत्तरार्धात बाईचे आतले तापमान सुमारे अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढते, त्यामुळे कधी चादर हवी वाटते आणि कधी नको. पाय गार असले की झोप लागायला वेळ लागतो, कारण झोपेआधी शरीर हातापायांवाटे आतली उष्णता बाहेर टाकते. तळपायाला तेल लावून काशाची वाटी चोळण्याची आपली जुनी पद्धत इथे उपयोगी पडते. काशात जादू नाही, पाय उबदार होतात आणि घरातले कोणीतरी दहा मिनिटे जवळ बसते. पंख्याच्या भांडणावर उपाय म्हणजे दोघांच्या दोन वेगळ्या चादरी, आणि पंख्याखालची जागा त्याला. दक्षिणेकडे पाय करावेत की नाही असेही काही जण विचारतात. दिशेबद्दल वैद्यकशास्त्राला काही म्हणायचे नाही. कुशीबद्दल आहे. छातीत जळजळ होणाऱ्याने डाव्या कुशीवर झोपावे, आणि गरोदर बाईने शेवटच्या तीन महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर झोपावे.

घोरणे हा मात्र थट्टेचा विषय नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३० ते ६० वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडतो असे आढळले. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस घोरता घोरता एकदम शांत होतो, काही सेकंदांनी गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा घोरू लागतो. सकाळी डोके जड, तोंड कोरडे, दिवसा बसल्या जागी डुलकी. मान जाड, पोट सुटलेले, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. ही लक्षणे असलेला माणूस ट्रक, एसटी किंवा वडाप चालवत असेल तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू बंद करणे आणि गरज पडल्यास श्वासाला हवेचा दाब देणारे यंत्र, असे यावर चांगले उपाय आहेत. गंमत म्हणजे घोरणाऱ्याला स्वतःला यातले काही ठाऊक नसते. "मी तर पडल्या पडल्या झोपतो," असे तो अभिमानाने सांगतो. श्वास अडल्याचे सेकंद अंधारात मोजत बसलेली असते ती त्याची बायको.

तर अशा रीतीने आपण पाचव्या घड्याळापाशी आलो.

झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मोजले तर बाईची झोप पुरुषापेक्षा चांगली भरते. गाढ झोप तिच्यात जास्त वर्षे टिकते. घड्याळही त्याच्यापेक्षा थोडे लवकरचे असते. निसर्गाने तिला खोटी झोप दिलेली नाही. असे असूनही निद्रानाश बायकांत पुरुषांच्या सुमारे १.४ पट आढळतो, हे अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००६ साली दाखवले गेले आहे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एकट्या खाटेवर जी बाई उत्तम झोपते, तीच घरी झोपू शकत नाही.

याची काही कारणे शरीरातली आहेत. पाळीच्या आधीचे दिवस, गरोदरपण, अंगावर पिणारे मूल. पुढे पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, घामाने पोलके भिजते आणि रात्री दोनला जाग येते. पाळी गेल्यानंतर ॲप्नियाही बायकांत वाढतो. पण बाई मोठ्याने घोरत नसेल तर तिच्या थकव्याला नावे वेगळीच मिळतात : वय झाले, टेन्शन घेते, थायरॉईड असेल.

एका कारणाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. बऱ्याच बायका सांगतात की रात्री अंथरुणाला टेकले की पोटऱ्यांत काहीतरी वळवळते, ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावले टाकली की बरे वाटते. घरचे म्हणतात, दिवसभर उभी असते, म्हणून पाय दुखतात. पण हा रेस्टलेस लेग्ज नावाचा वेगळा आजार असू शकतो, बायकांत तो जास्त आढळतो, गरोदरपणात वाढतो, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीरातले लोह कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा असे पाय वळवळत असतील तर झोपेच्या गोळीआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन तपासण्या करून घ्याव्यात. लोह भरून काढले की कित्येकींचे पाय शांत होतात आणि त्याबरोबर रात्रही.

बाकीची कारणे मात्र रक्ताच्या नळीत सापडणारी नाहीत. वरची चार घड्याळे पुन्हा एकदा पाहा. बाळ दोनदा उठते, तेव्हा ती उठते. बारावीचा मुलगा साडेबाराला "आई, दूध" म्हणतो, तेव्हा ती जागी असते. नवरा अकराला जेवतो, भांडी त्यानंतर. सासरे साडेतीनला उठतात, दिवा लावतात, खाकरतात आणि चारला चहाची वाट पाहतात. त्यातच नळ! नगरपालिकेचे पाणी पहाटे साडेचारला येते तिथे भांडी भरायला कोण उठते हे सांगायला नको. प्रत्येकजण आपापल्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे वागतो आहे, त्यात दोष कोणाचाच नाही. पण चारही घड्याळांचा गजर वाजतो तो एकाच उशीखाली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. त्यातही असा हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. ही पाच तासांची बेरीज कागदावर दिवसाची दिसते. तिची दोन्ही टोके रात्रीत घुसलेली असतात.

तासांची बेरीज केली तर तिची झोप कधी कधी सहा-साडेसहा तास भरतेही. पण ती दीड-दीड, दोन-दोन तासांच्या तुकड्यांची असते, आणि तुकड्यांची झोप सलग झोपेचे काम करत नाही. दुपारी ती अर्धा तास पडली तर "सुनेला दुपारी झोप लागते" अशी वार्ता नातेवाइकांत जाते. सासऱ्यांची वामकुक्षी आणि सुनेची लोळण, एकाच कृतीला आपल्या भाषेने दोन नावे दिली आहेत. माझ्या मते दोन्हींची खरी गरज तपासली तर दुपारची ती पंचवीस मिनिटे सुनेच्या खात्यावर आधी जमा करावी लागतील.

कोण कुठे झोपते तेही या हिशेबात धरले पाहिजे. खेड्यावरच्या बऱ्याच घरांत खाट एकच असते आणि ती कर्त्याची किंवा वडीलधाऱ्याची. बायका-मुले जमिनीवर. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश पुष्कळदा कळतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, घसा दुखणे, गिळता न येणे, पापण्या मिटू लागणे अशी लक्षणे दिसली की लोक अपचन समजून सोडा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाला असे काही झाले तर वाट न पाहता ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे, सर्पदंशावरचे इंजेक्शन तिथे मिळते. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी कडेने अंथरुणाखाली नीट खोचून लावावी. ती डास आणि साप दोन्ही अडवते.

मग करायचे काय, असे वाचक विचारतील. घर मोडून नवी व्यवस्था लावायला मी सांगत नाही. सासऱ्यांचा पहाटेचा चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून त्यांच्या खोलीत ठेवता येतो. एका आजोबांना मी हे सुचवले तेव्हा त्यांना आधी अपमान वाटला. महिन्याभराने ते स्वतः गॅसवर चहा करायला शिकले आणि आता सुनेला उठल्यावर कपभर देतात असे ऐकतो. बारावीच्या मुलाला दूध गरम करता येत नसेल तर त्याला फिजिक्स कसे येणार, हा प्रश्न मी त्याच्यासमोरच त्याच्या आईला विचारतो. नळाचे पाणी आठवड्यातले चार दिवस पुरुषांनी भरावे, पाण्याला फरक कळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईशिवाय भागत नाही हे खरे, पण पाजून झाल्यावर ढेकर काढणे, दुपटे बदलणे, थोपटणे ही कामे बापाला येतात. जात्याच येत नसतील तर चार रात्रींत येतात. या उठबशीतून बाईला रात्री बारा ते पाच एवढी पाच तासांची सलग झोप मिळाली तरी महिन्याभरात तिचे डोके दुखणे, चिडचिड आणि टॉनिकची मागणी यांत फरक दिसतो. मी तो पाहिला आहे.

एवढे करूनही तीन महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यातून तीन रात्री तरी झोप लागत नसेल किंवा मध्येच उडत असेल तर ती तपासायची गोष्ट आहे. थायरॉईड, रक्तक्षय, साखर, मनाची उदासी यांपैकी काही निघू शकते. पहाटे जाग येऊन मन काळवंडते, कशातच रस वाटत नाही, असे असेल तर लाजू नये आणि उशीर लावू नये. येताना आठवडाभराची नोंद घेऊन यावे : किती वाजता आडवे झालात, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा उठलात आणि कोणासाठी, दुपारी किती झोपलात, चहाचे कप किती. नोंद सकाळी उठल्यावर करावी, रात्री घड्याळ पाहत बसू नये. आणि बायकांनी 'कोणासाठी' हा रकाना रिकामा सोडू नये. मला तोच आधी वाचायचा असतो.